स्वतः घडी घालणारे पॉलिमर नॅनोकण : तत्त्व, संभाव्य उपयोग आणि मर्यादा

फवारलेल्या कीटकनाशकाचा आणि जमिनीत दिलेल्या खताचा मोठा भाग पिकाच्या कामी येत नाही. काही भाग वाऱ्याने उडतो, काही पानावरून ओघळतो, काही उन्हात विघटित होतो, तर काही जमिनीत अडकून पडतो. युरियातील नत्राचा पिकाला होणारा उपयोग साधारण ३० ते ५० टक्के, तर स्फुरदाचा १५ ते २० टक्केच असतो. हा अपव्यय कमी करण्यासाठी निविष्ठा नेमक्या जागी पोहोचवणारे वाहक शोधण्याचे काम जगभर सुरू आहे. स्वतः घडी घालणारे पॉलिमर नॅनोकण हा त्यातील एक नवा प्रकार आहे.

हे तंत्र अजून प्रयोगशाळेच्या टप्प्यावर आहे. शेतकऱ्याने दुकानातून विकत घ्यावे असे त्याचे उत्पादन आज नाही. मात्र ‘नॅनो’ हा शब्द बाटल्यांवर आणि जाहिरातींत सर्रास दिसू लागला आहे. त्यामुळे या कणांचे तत्त्व काय, ते कुठे उपयोगी पडू शकतील आणि कुठे नाही, हे समजून घेणे शेतकरी आणि कृषी विस्तार कार्यकर्ते या दोघांच्याही फायद्याचे आहे.

पॉलिमर म्हणजे काय?

लहान लहान रेणू एकमेकांना जोडून तयार झालेली लांब साखळी म्हणजे पॉलिमर. कापसाच्या धाग्यातील सेल्युलोज, ज्वारीतील स्टार्च आणि डाळीतील प्रथिने हे निसर्गातले पॉलिमर आहेत. मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या आणि शेडनेट हे मानवनिर्मित पॉलिमर आहेत. असे पदार्थ लांब साखळ्यांचे बनलेले असतात, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. सुरुवातीला तिला बराच विरोध झाला. पुढे याच कामासाठी त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

नेहमीच्या प्लास्टिकमध्ये असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. येथे मात्र एकेक साखळी सुटी ठेवून ती स्वतःभोवतीच घडी घालेल अशी तिची रचना केली जाते. एका साखळीपासून एक कण तयार होतो. त्याचा व्यास साधारण ५ ते २० नॅनोमीटर असतो. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात, यावरून हा कण किती बारीक आहे याची कल्पना येईल.

निसर्गातील धडा : घडीमुळेच काम होते

घडी घालण्याची ही युक्ती प्रथिनांकडून घेतलेली आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती ठरावीक पद्धतीने दुमडली, तरच तिला आकार येतो आणि त्या आकारामुळेच ती काम करते. साखळीतील अमिनो आम्लांच्या क्रमातच घडीची माहिती दडलेली असते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ क्रिस्टियन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावरील प्रयोगांतून दाखवले. त्यांना १९७२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

याची दोन उदाहरणे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत.

• जमिनीत टाकलेल्या युरियाचे काही दिवसांतच अमोनियात रूपांतर होते. हे काम युरिएज हे विकर करते. घडी घातलेल्या या प्रथिनाच्या आत निकेलचे अणू असलेला एक खोबणीसारखा भाग असतो. युरियाचा रेणू तिथे बसतो आणि फुटतो. प्रथिनाची घडी मोडली की हे काम थांबते.

• कच्चे सोयाबीन कोंबड्यांना खाद्य म्हणून देत नाहीत, कारण त्यात पचन अडवणारे एक प्रथिन असते. सोयाबीनला योग्य उष्णता दिली की या प्रथिनाची घडी उलगडते आणि त्याचा अपाय बराच कमी होतो. साखळी तीच राहते, पण आकार गेल्यामुळे तिचा गुण जातो.

मानवनिर्मित साखळीलाही अशी घडी घालता आली, तर तिच्या पोटात एखादे औषध, धातूचा अणू किंवा अन्नद्रव्य बसवता येईल, असा यामागचा विचार आहे.

साखळी स्वतः घडी कशी घालते?

अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानावरचा मेणचट थर पाण्याला जवळ करत नाही. मीठ मात्र पाण्यात चटकन विरघळते. पॉलिमरच्या साखळीवर असे दोन्ही स्वभावांचे भाग आलटून पालटून बसवले जातात. काही पाण्याला जवळ करणारे, तर काही पाणी टाळणारे. अशी साखळी पाण्यात टाकली की पाणी टाळणारे भाग एकमेकांजवळ येऊन आत दडतात आणि पाण्याला जवळ करणारे भाग बाहेर राहतात. बाहेरून कोणी दाबावे लागत नाही. साखळी आपोआप गोळा होते.

ही घडी टिकवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

१. पक्की घडी : साखळीच्या दोन भागांत कायमचा रासायनिक बंध तयार केला जातो. असा कण मजबूत असतो, पण तो पुन्हा उलगडत नाही.

२. उलगडणारी घडी : हायड्रोजन बंधासारख्या सौम्य बंधांनी साखळी धरून ठेवली जाते. तापमान, सामू किंवा प्रकाश बदलला की असा कण सैल होऊ शकतो आणि आतील घटक सोडू शकतो. शेतीच्या दृष्टीने या प्रकारात अधिक रस आहे.

नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठात बर्ट मायर आणि आन्या पाल्मान्स यांच्या गटाने या विषयावर महत्त्वाचे काम केले आहे. घडी घातलेल्या पॉलिमरच्या आत रुथेनियम धातू बसवून तो पाण्यात उत्प्रेरक म्हणून वापरता येतो, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवले. या संशोधनात सहभागी असलेले ताकाया तेराशिमा यांनी पुढे जपानमधील क्योटो विद्यापीठात पाण्यात आपोआप घडी घालणाऱ्या साखळ्यांवर काम सुरू ठेवले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्हन झिमरमन यांच्या गटाने तांबे असलेले असे कण जिवंत पेशींत रासायनिक क्रिया घडवू शकतात का, याचा अभ्यास केला आहे. आजवरचे बहुतेक संशोधन उत्प्रेरक, औषधवाहक आणि रोगनिदान या क्षेत्रांतले आहे. शेतीतील उपयोगाचा विचार त्यानंतरचा आहे.

सध्याच्या निविष्ठांपेक्षा यात वेगळे काय?

पॉलिमरच्या आवरणात औषध बंद करण्याची कल्पना शेतीला नवी नाही. पेंडीमिथॅलीन ३८.७ टक्के सीएस हे तणनाशक अनेकांनी वापरले असेल. यातील ‘सीएस’ म्हणजे कॅप्सूल स्वरूपातील द्रावण. त्यात तणनाशकाचे सूक्ष्म थेंब पॉलिमरच्या पातळ कवचात बंद असतात आणि हळूहळू बाहेर येतात. त्यामुळे ३० टक्के ईसी स्वरूपाच्या तुलनेत उग्र वास आणि उडून जाण्याचे प्रमाण कमी राहते.

मात्र ही कॅप्सूल काही मायक्रोमीटर आकाराची असते. ५ मायक्रोमीटरच्या एका कॅप्सूलच्या जागेत १० नॅनोमीटरचे सुमारे साडेबारा कोटी कण मावतील, इतका दोन्हींच्या आकारात फरक आहे. कॅप्सूल जमिनीवर किंवा पानावर राहून औषध सोडते. घडी घातलेला कण मात्र वनस्पतीच्या आत शिरू शकेल, अशी अपेक्षा आहे.

ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हे पानाच्या रचनेवरून समजते. पानावरच्या मेणचट थरातून काही नॅनोमीटरपेक्षा मोठे कण सहज जात नाहीत. पर्णरंध्रे त्या मानाने खूप मोठी असतात, पण पृष्ठताणामुळे साधे पाणी त्यांत आपोआप शिरत नाही. आत गेल्यावर पुढे पेशीभित्तिकेची चाळणी लागते. तिची छिद्रे साधारण ५ ते २० नॅनोमीटरची असतात. म्हणजे घडी घातलेल्या कणाचा आकार अगदी सीमेवरचा आहे. बारीक कण जातील, थोडे मोठे अडकतील. ५० किंवा १०० नॅनोमीटरच्या इतर नॅनोकणांना हीच चाळणी पार करणे बरेच अवघड जाते.

शेतीतील संभाव्य उपयोग

१. पाण्यात न विरघळणारी औषधे वाहून नेणे : अनेक कीटकनाशके आणि बुरशीनाशके पाण्यात विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी सेंद्रिय द्रावके वापरावी लागतात. पाणी टाळणारा गाभा असलेल्या कणात अशी औषधे बसवता आली, तर द्रावकाची गरज कमी होऊ शकते.

२. रसवाहिनीतील रोगांवर उपचार : संत्रा आणि मोसंबीवरील ग्रीनिंग रोगाचे जिवाणू झाडाच्या रसवाहिनीत राहतात. सिट्रस सायला ही कीड त्यांचा प्रसार करते. वरून फवारलेले औषध रसवाहिनीपर्यंत पोहोचणे कठीण असते. रसवाहिनीतील रसाचा सामू साधारण ७.५ ते ८, तर जलवाहिनीतील रसाचा ५ ते ६ च्या आसपास असतो. सामूतील हा फरक ओळखून रसवाहिनीतच उलगडणारा कण तयार करता येईल का, हा संशोधनाचा विषय आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ताऱ्याच्या आकाराचे पॉलिमर कण टोमॅटोच्या पानावर देऊन ते रोपात कुठवर जातात, याचा अभ्यास झाला आहे. हे कण घडी घालणारे नाहीत, पण आकाराने जवळचे आहेत.

३. आरएनए आधारित कीडनियंत्रण : किडीच्या ठरावीक जनुकाचे काम थांबवणारे दुहेरी धाग्याचे आरएनए हे नवे कीडनाशक आहे. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी अशा फवारणीला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी मिळाली. आरएनए उन्हात आणि मातीत लवकर नष्ट होते. धनभारित पॉलिमर त्याला बिलगून राहतात, त्यामुळे संरक्षक म्हणून त्यांचा विचार होत आहे.

४. सूक्ष्म अन्नद्रव्ये : चिलेटेड झिंक किंवा लोह यांत धातूचा अणू एका रेणूच्या पकडीत असतो, त्यामुळे तो चुनखडीयुक्त जमिनीतही लवकर स्थिर होत नाही. घडी घातलेला पॉलिमर असे अनेक अणू एकाच वेळी धरू शकतो.

५. अवशेष आणि प्रदूषण ओळखणे : एखादा धातू किंवा रसायन कणाला चिकटले की त्याची चमक बदलते. या गुणावर पाणी आणि शेतमालातील अवशेष तपासण्याची साधने बनू शकतात.

ग्रॅम आणि किलोचा हिशेब

या कणांचा उपयोग कुठे होईल आणि कुठे होणार नाही, हे ठरवणारा हिशेब अगदी साधा आहे. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. कपाशीवरील बोंडअळीसाठी इमामेक्टीन बेंझोएट ५ टक्के एसजी हेक्टरी २२० ग्रॅम वापरले, तर त्यातील सक्रिय घटक फक्त ११ ग्रॅम असतो.

कणाच्या आत मावणारा माल सहसा कणाच्या स्वतःच्या वजनापेक्षा कमी असतो. समजा, १०० ग्रॅम कणांत १० ग्रॅम माल बसतो. मग ११ ग्रॅम कीटकनाशकासाठी ११० ग्रॅम कण लागतील. हे प्रमाण विचार करण्याजोगे आहे. २५० किलो नत्रासाठी मात्र अडीच टन पॉलिमर शेतात टाकावा लागेल. ते परवडणारही नाही आणि जमिनीच्या हिताचेही नाही.

म्हणून हे लक्षात ठेवावे : जे घटक हेक्टरी ग्रॅममध्ये लागतात, त्यांच्यासाठी असे वाहक उपयोगी ठरू शकतात. जे घटक किलोमध्ये लागतात, त्यांची गरज कण बारीक केल्याने कमी होत नाही. चांगला वाहक वाया जाणारा भाग वाचवेल, पण पिकाच्या अंगात जाणारे नत्र कुठून तरी यावेच लागते. ४ टक्के नत्र असलेल्या अर्धा लिटर द्रावणात २० ग्रॅम नत्र असते, तर ४५ किलो युरियाच्या गोणीत २० किलो ७०० ग्रॅम. लेबलवरील टक्केवारी आणि वजन यांचा असा गुणाकार प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

शेतापर्यंत येण्यातील अडचणी

• उत्पादन खर्च : द्रावण घट्ट असेल तर शेजारच्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि सुटे कण न होता गाठी होतात. म्हणून पक्की घडी घालताना अनेकदा लिटरमागे एक ग्रॅम किंवा त्याहून कमी पॉलिमर घ्यावा लागतो. या हिशेबाने वरील ११० ग्रॅम कणांसाठी किमान ११० लिटर द्रावक लागेल, तेही एका हेक्टरच्या एका फवारणीसाठी. पाण्यात आपोआप घडी घालणाऱ्या साखळ्या तुलनेने घट्ट द्रावणातही तयार होऊ शकतात, त्यामुळे त्यांच्याकडून अधिक आशा आहे.

• घडीतील फरक : प्रथिनात अमिनो आम्लांचा क्रम अचूक असतो. मानवनिर्मित साखळ्यांची लांबी आणि क्रम थोडाफार बदलतो, त्यामुळे सर्व कण एकसारखे नसतात.

• पाण्याची प्रत : प्रयोगशाळेतील पाणी शुद्ध असते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांच्यामुळे भारित साखळ्या एकमेकींना चिकटून साका तयार होऊ शकतो. टाकीत इतर औषधे मिसळल्यास आणखी काय होईल, याच्या चाचण्या लागतील.

• अवशेष : यातील बऱ्याच साखळ्यांचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो आणि तो जमिनीत सहज कुजत नाही. वरून दिलेला कण पिकात शिरत असेल, तर तो धान्यात किंवा फळात उरतो का, हेही तपासावे लागेल. युरोपीय संघाने २०२३ मध्ये उत्पादनांत मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. पॉलिमर आवरण असलेली खते आणि पीक संरक्षण उत्पादने यांनाही ते ठरावीक मुदतीनंतर लागू होणार आहेत. म्हणून मातीत विघटन होणाऱ्या साखळ्या वापरणे ही पुढील संशोधनाची मुख्य अट राहील.

‘नॅनो’ उत्पादन घेण्यापूर्वी काय पाहावे?

• कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशक असेल, तर लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचा नोंदणी क्रमांक, पिकाचे नाव आणि मात्रा असावी.

• खत किंवा जैव उत्तेजक असेल, तर ते खत नियंत्रण आदेश १९८५ खाली येते का, हे पाहावे.

• सक्रिय घटक कोणता आणि किती टक्के, हे स्पष्ट लिहिलेले असावे. केवळ ‘नॅनो तंत्रज्ञान’ एवढाच उल्लेख पुरेसा नाही.

• नॅनो स्वरूपातील कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी भारतात २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आहेत. विक्रेत्याकडे त्यानुसार केलेल्या परिणामकारकता आणि सुरक्षितता चाचण्यांची माहिती मागावी.

• पक्की पावती घ्यावी. बाटली किंवा पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : प्रात्यक्षिक कसे घ्यावे?

नव्या निविष्ठेच्या प्रात्यक्षिकात अनेकदा दोनच पट्टे ठेवले जातात. एकात पूर्ण शिफारस आणि दुसऱ्यात कमी मात्रा अधिक नवे उत्पादन. दोन्हींचे उत्पादन सारखे आले की श्रेय नव्या उत्पादनाला मिळते. पण जमिनीत आधीचा साठा असेल, तर नुसत्या कमी मात्रेवरही पीक तितकेच येऊ शकते. म्हणून तीन पट्टे ठेवावेत.

१. शिफारशीप्रमाणे पूर्ण मात्रा.
२. कमी केलेली मात्रा अधिक नवे उत्पादन.
३. तेवढीच कमी केलेली मात्रा, नवे उत्पादन न देता.

दुसरा आणि तिसरा पट्टा यांतील फरक हाच नव्या उत्पादनाचा खरा परिणाम होय. हे तीन पट्टे शेतात किमान तीन ठिकाणी घ्यावेत. कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींचे वजन वेगवेगळे करावे. खताच्या बाबतीत एका हंगामावर निष्कर्ष काढू नये, कारण जमिनीतील साठा संपू लागल्यावरच कमी मात्रेचा परिणाम दिसू लागतो.

हे कण प्रयोगशाळेतून बाहेर येतील तेव्हा त्यांचीही पारख याच पद्धतीने करता येईल. तोपर्यंत निविष्ठांचा अपव्यय टाळण्याचे आजचे उपाय हाताशी आहेत. फवारणीच्या पाण्याचा सामू तपासणे, योग्य नोझल वापरणे, वारा शांत असताना फवारणे, खत विभागून आणि मातीआड देणे, तसेच माती परीक्षणानुसार मात्रा ठरवणे, या उपायांनी वाचलेला प्रत्येक ग्रॅम थेट शेतकऱ्याच्या खर्चातून कमी होतो.